कोनच्या मांडवातला आवाज

पूर्णा गावच्या पुतळाबाई तरेचा विश्वास नेमका कशावर आहे, हे तिच्या सख्ख्या भावालाही सांगता आलं नसतं. गॅसचा सिलिंडर आला की आणणाऱ्याच्या देखत ती तो हलवून बघायची. दूधवाला दारात उभा असतानाच दुधात बोट बुडवायची, आणि बोटाकडे न बघता त्याच्या तोंडाकडे बघायची, की हा दचकतो का. भाऊ दौलत सकाळी जाता जाता "बाय, चहा झाला का?" म्हणाला, तर ती "झाला" म्हणायची, आणि तो वळणाआड जाईपर्यंत उंबऱ्यात उभी राहून विचार करायची, याला आज माझ्या चहाची का पंचाईत पडली?

पण तिला नावं ठेवायची घाई करू नका. त्या गावात गेली पंधरा-वीस वर्षं जे चाललंय, ते पाहिलं तर तुम्हीही दुधात बोट बुडवाल. गोड बोलणारी माणसं आली, ओट्यावर बसून चहा प्यायली, "मावशी, जरा हसा" म्हणत फोटो काढून गेली, आणि बघता बघता भाताची खाचरं निळ्या पत्र्यांच्या गोदामांखाली गेली. कुणाला सगळं समजून उमजून झालं, कुणाला झाल्यावर समजलं. पुतळाबाई दुसऱ्यातली. तेव्हापासून कुणी हसा म्हणालं की तिच्या कपाळावर आठी चढते.

एक जागा मात्र अशी होती की जिथं तिचा संशय चपलांबरोबर बाहेर राहायचा. ती म्हणजे लग्नाचा मांडव. पुतळाबाई धवलारीण होती. आगऱ्यांच्या लग्नात धवला गाणारी बाई ती धवलारीण. भटजी आता येतात, मंत्रही म्हणतात, त्यांचा मान त्यांना. पण जुन्या माणसांच्या लेखी लग्न लागतं ते धवल्यावर. मांडव उभा राहिला की धवलारीण मध्ये बसते आणि गळ्यातून एकेकाला आवतण देते. आधी वेशीचा देव, मग खाडीचा, मग डोंगरावरची देवी, मग शेजारच्या गावांचे देव. नवरा-नवरीची नावं गुंफते. पुतळाबाईचा आवाज काही गोड नव्हता. जाडा, थोडा घोगरा, पण लाउडस्पीकर नसताना चार घरं पलीकडे जायचा. ती गायला बसली की मांडवातली पोरंसोरंही दमानं घ्यायची.

दौलतची मुलगी भाविका विद्यापीठाच्या संगणक विभागात शिकत होती. विभाग टेमघरला, तीन मजली इमारतीत. मोठी चळवळी माणसं होती तिथली. दर महिन्याला विभागाच्या बातम्या फोनवर यायच्या आणि भाविका त्या कौतुकानं आत्याला दाखवायची. रेघेवरून आपोआप चालणारी गाडी पोरांनी बनवली, त्याचा फोटो. शाळेतल्या मुली संगणक बघायला आल्या, त्यांचा फोटो. कुणीतरी पुण्याच्या स्पर्धेत नंबर आणला, त्याच्या गळ्यात हार.

"यवढी हसतात कशाला ही?" आत्या विचारायची.

"फोटोत हसतात, आते!"

"कायतरी झाकायचं असल्याबिगर माणूस यवढा हसत न्हाय."

अशा बाईला त्या विभागात नेऊन बसवणं हे भाविकाचंच काम. गेल्या थंडीत विभागानं नवा उपक्रम काढला. भिवंडीत जी जी बोली बोलली जाते तिचे आवाज गोळा करायचे आणि संगणकाला शिकवायचे. लूमवरच्या कामगारांची हिंदी, डोंगरपाड्यांवरच्या वारल्यांचं बोलणं, आणि आगऱ्यांचा धवला. भाविका महिनाभर आत्याच्या मागे लागली. आत्यानं सतरा शंका काढल्या. आवाज काढून घेतल्यावर आपल्याकडे किती उरतो, इथपर्यंत विचारून झालं. शेवटी पोरीचं तोंड बघवेना म्हणून गेली.

भिंतींना काळा स्पंज लावलेल्या एका खोलीत तिला बसवलं. दार लावलं तसा स्वतःचा श्वास ऐकू यायला लागला. ती बोलली, गायली, पुन्हा बोलली. चार-पाच दिवस जात होती. सगळा धवला गायली. एक भाग सोडून.

तो भाग म्हणजे मेलेल्यांचं बोलावणं. सगळे देव येऊन बसले की धवलारीण त्या घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन मांडवात बोलावते. आजा, आजी, एखादा तरणा गेलेला काका. या, तुमच्या लेकराचं लग्न आहे, बसा. या ओळी मांडवाबाहेर तोंडातून काढायच्या नाहीत, अशी धवलारणींची रीत. घरी गुणगुणायच्याही नाहीत. "रिकाम्या खोलीत मेल्यांना हाक मारली आणि ती आयली, तर बसवायचं कुठं त्यांना?" पुतळाबाईच्या गुरुणीनं तिला सांगितलं होतं. म्हणून तिनं तो भाग गाळला आणि गाळला हे सांगितलंही नाही. खरं सांगायचं तर रीत होतीच, वर थोडा संशयही होता. सगळंच कसं देऊन टाकायचं?

पुढल्या महिन्याच्या बातम्यांत तिचा फोटो आला. डोक्याला नऊवारीचा पदर, त्यावर मोठाले हेडफोन, आणि चेहऱ्यावर पोलीस चौकीत बसवल्याचा भाव. गावात आठवडाभर थट्टा झाली. पुतळाक्का विमान चालवायला लागली म्हणे. मग सगळं निवलं आणि ती विसरली.

वैशाखात लग्नांची दाटी झाली. एके सकाळी बांगड्या भरणारी काशी दारात पेटी उतरवून बसली आणि पाण्याचा घोट घ्यायच्या आधीच म्हणाली, "परवा काय गायलीस गो कोनला! अंगावर काटा आयला."

पुतळाबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला. "कोनला? मी?"

"मितेशच्या लग्नात! मी बाहेर बांगड्या भरीत व्हते, आत याला सवड न्हाय मिलाली. पण तुझा आवाज मी झोपेत वलखीन."

"परवा मी घरात पापड लाटत व्हते, काशे."

"जल्लं, माझे कान काय भाड्याचे हायेत? मितेशचं नाव तीनदा घेतलंस तू!"

मितेश नावाच्या माणसाचं नाव जन्मात पुतळाबाईच्या गळ्यातून गेलं नव्हतं. कोन गावात तर तिचं पाऊल दोन वर्षांत पडलं नव्हतं. म्हणजे तिनं पूर्वी कधी गायलेलं कुणी भरून ठेवून वाजवलं, असंही म्हणता येईना.

"पण एक सांगू?" काशी आवाज उतरवून म्हणाली. "रागावू नको. त्यांच्या मेल्यांना का न्हाय बोलावलंस? म्हाताऱ्या चुळबुळ करीत व्हत्या. त्या मितेशचा आजा यवढा मोठा माणूस, त्याचं नाव न्हाय घेतलं. धवलारणीला आता घाई झाली, असं बोल्ल्या."

झालं! मेल्यांचं बोलावणं सोडून सगळा धवला तिनं आयुष्यात एकाच ठिकाणी गायला होता, त्या काळ्या स्पंजाच्या खोलीत. म्हणजे चोरी तिथंच झाली. आणि चोरी झाली ती झाली, वर कुणाच्या तरी घरची माणसं मांडवाबाहेर ताटकळत ठेवल्याचं पाप आता पुतळीच्या नावावर बसलं होतं. आजवर तिच्या गळ्याला कुणी काही म्हणालं नव्हतं. जमीन गेली तेव्हाही तिला लागलं नव्हतं, तेवढं ते "घाई झाली" लागलं.

काशीच्या बांगड्या तशाच राहिल्या. पुतळाबाई पदर खोचून टेमघरला निघाली.

विभागाच्या पायऱ्या चढताना प्रत्येक पोर तिला चोर दिसत होतं. एकानं "नमस्कार आजी" म्हटलं, तर तिनं त्याच्याकडे असं बघितलं की तो जिन्याच्या कडेला सरकला. व्हरांड्यात बातम्यांचा फलक होता. नवा पाहुणा व्याख्यान देऊन गेला, पोरींच्या गटाला बक्षीस, आणि खाली कोपऱ्यात छोटी बातमी. आपल्या आवाज-प्रकल्पाचा पहिला प्रत्यक्ष उपयोग सुरू झाला आहे, अभिनंदन. कुणाचं नाव नाही, फोटो नाही. इतर सगळ्या बातम्यांत हसणारी तोंडं, आणि नेमक्या हिच्यात नाही. पाणी इथंच मुरतंय, पुतळाबाईनं मनाशी म्हटलं.

विभागाचे केणे सर खुर्ची ओढून उठले. "या मावशी, बसा."

ती बसली नाही. "माझा आवाज कुठं हाय?"

सर हसले, मग तिचा चेहरा बघून हसायचे थांबले. त्यांनी संगणकावर काहीतरी टाइप केलं. बाजूच्या डबीतून आवाज आला, "पुतळाबाई, चहा घेता का?"

तिचाच आवाज. तोच घोगरेपणा, शब्दाच्या शेवटी खाली येणारा तोच हेल. पुतळाबाईनं टेबलाची कड धरली. "हे मी कधी बोल्लेच न्हाय."

"तेच तर त्याचं काम आहे," सर म्हणाले. "तुमचा आवाज कसा चढतो, कसा उतरतो, ते याला कळलंय. आता आपण जे शब्द देऊ ते हा तुमच्या आवाजात बोलतो. चाल दिली तर गातो."

"आणि दिलाय कुणाला?"

"एका बाईंना गरज होती. नाव सांगता यायचं नाही मला, तशी त्यांची अट आहे." सरांनी चष्मा काढला. "पण मावशी, हे तुमच्या होकारानंच झालंय ना? विभागाचा नियमच आहे. ज्याचा आवाज, त्याचा होकार. त्याशिवाय आम्ही एक शब्द बाहेर देत नाही. भाविका स्वतः येऊन सांगून गेली, आत्या हो म्हणाली म्हणून." ते क्षणभर थांबले. "तुम्ही हो म्हणाला होतात ना?"

तोंडात मारल्यासारखं झालं तिला. चोर इथं नव्हता. चोर तिच्याच भावाच्या घरात, तिच्याच ताटात जेवून लहानाचा मोठा झाला होता.

आता "न्हाय" असा एक शब्द बोलायचा अवकाश, की भाविकाचं शिक्षण तिथंच आटोपलं असतं. सरांच्या डोळ्यांत ते दिसत होतं. पुतळाबाईनं गिळलं. घरचं भांडण घरात, असा तिचा बाणा.

"म्हणले व्हते," ती म्हणाली. "वय झालं, इसरायला व्हतं."

पायऱ्या उतरताना तिला स्वतःचीच चीड आली. इतकी वर्षं सगळ्या जगावर नजर ठेवली, आणि जिच्यावर ठेवायची तिला मांडीवर घेऊन बसली!

घरी आल्यावर ती भाविकाला काही बोलली नाही. बोललं की माणूस सावध होतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ती फक्त बघत राहिली. पोरगी फोन उलटा ठेवते. फोन वाजला की परसात जाते. पूर्वी सगळं सांगायची, आता "हो आते, नाही आते" एवढंच. कुणाला विकला असेल हिनं आवाज? एखाद्या बँडवाल्याला? कुणा पोराच्या नादी लागून दिला असेल? संशयाला काय, एकदा उंबरा ओलांडला की तो माजघरापर्यंत जातो. पुतळाबाईला धड झोप लागेना.

बुधवारी भाविका केस विंचरता विंचरता म्हणाली, "आते, उद्या सकाळी मी कोनला चाललेय. प्रोजेक्टचं काम हाय."

"जा बाय, जा," आत्या म्हणाली, इतक्या गोड आवाजात, की शहाण्या माणसानं तिथंच ओळखलं असतं. भाविकानं ओळखलं नाही.

दुसऱ्या दिवशी भाविका निघाली, आणि मागोमाग पुतळाबाईनं रिक्षा धरली.

"कोन में किधर जाना है, अम्मा?" रिक्षावाल्यानं विचारलं.

"जिधर मांडव दिसेगा उधर छोड."

मांडव दिसायच्या आधी ऐकू आला. रिक्षातून उतरता उतरता तिनं स्वतःला ऐकलं. ती इथं रस्त्यावर उभी, चपलेत पाय, आणि तिकडे आत तीच बसून वेशीच्या देवाला आवतण देत होती. मेल्यावर माणसाला असंच होत असेल का, असं एक भलतंच काहीतरी तिच्या मनात येऊन गेलं. मग राग आला आणि ती मांडवाकडे चालायला लागली.

पदर तोंडावर ओढून ती बायकांच्या मागे, पाण्याच्या पिंपाजवळ जाऊन उभी राहिली. मांडवात दाटी होती. भाविका खांबाशी, फोन दोन्ही हातांत धरून. आणि मध्ये, धवलारणीच्या जागी, हनुवटीपर्यंत पदर लपेटून बसली होती जानकीबाई.

जानकी! कोनची धवलारीण. दोघी एकाच गुरुणीकडे शिकल्या. मग एका लग्नात पुढे कुणी गायचं यावरून बिनसलं, ते बिनसलंच. तीस वर्षं दोघींचं बोलणं बंद. बोलणं बंद, पण गाणं चालू; कारण कोनचे पोरगे आणि पूर्णाच्या पोरी यांची लग्नं काही त्यांच्या भांडणासाठी थांबत नव्हती. मग नवऱ्याकडून जानकी, नवरीकडून पुतळा, समोरासमोर बसून एकमेकींच्या ओळीला ओळ द्यायच्या आणि उठल्यावर तोंडं फिरवून जायच्या.

आता जानकीचे ओठ हलत होते आणि आवाज पुतळाबाईचा येत होता. तिच्या ओटीत खणाखाली काहीतरी चौकोनी दिसत होतं. पुतळाबाईला सगळं कळलं. सटवीनं आपल्या गळ्याला विश्रांती दिली आणि माझा राबवला! तोही माझ्याच पोरीला फितवून! तिच्या अंगाचा तिळपापड झाला. इथं, या भरल्या मांडवात, त्या खणाखालचा डबा काढून सगळ्यांना दाखवायचा. तिनं पदर खोचला, पाऊलही उचललं.

तेवढ्यात देव संपले. आवाज थेट हळदीच्या गाण्याकडे वळला.

"थांबा गो," नवरीची आई म्हणाली. ती पुढेच बसली होती, कपाळ मोकळं. "हळद मागनं. पयले पोरीच्या बापाला बोलवा. राघोला बोलवा."

"व्हय व्हय," दोन-चार म्हाताऱ्या म्हणाल्या. "मितेशच्या मांडवात पण र्‍हायलं. जानके, बोलव त्याला."

आवाज बंद पडला. भाविकाचा अंगठा फोनवर थिजला होता. तिला टाइप करायचं असतं तरी काय करणार? त्या ओळी तिनं मांडवांतून कानावरून गेल्या तेवढ्याच ऐकल्या होत्या. शब्द पाठ नाहीत, चाल संगणकाला कुणी दिलेली नाही. मांडव थांबला. नवरीनं मान वर करून बघितलं. आणखी एक-दोन क्षण, की सगळं उघडं पडणार होतं.

आणि तेव्हा पुतळाबाईला दिसलं की जानकीचे ओठ थांबलेले नाहीत. डोळे मिटून, मान किंचित वर करून ती गातच होती. आवाज काडीचा नव्हता. नुसता वाराही नव्हता. पण तीस वर्षं समोर बसून ज्या ओठांवर नजर ठेवली, ते ओठ काय म्हणतात हे पुतळाबाईला आवाजाशिवायही कळत होतं. ये रे राघो, ते म्हणत होते, तुझ्या लेकीचा मांडव उभा राहिलाय, ये, पुढे बस.

गळ्याला विश्रांती दिलेली बाई अशी गात नाही.

पुतळाबाईनं विचार केला असता तर गायली नसती. विचार करायला सवड नव्हती. पिंपाआड उभी राहून, पदर तोंडावर घेऊन तिनं जानकीच्या ओठांवरची ओळ उचलली. "ये रे राघो..." मांडवात कुणी मागे वळून बघितलं नाही. का बघावं? आवाज तोच, मघापासून चाललेला. सगळ्यांच्या नजरा जानकीवर. नवरीच्या आईनं पदर डोळ्यांना लावला. नवरी हुंदके द्यायला लागली, तिला कुणीतरी जवळ घेतलं. पुतळाबाईनं राघोला बोलावलं, त्याच्या बापाला बोलावलं, त्या घरात तान्हं गेलेलं एक पोर होतं त्यालाही बोलावलं, कारण जानकीच्या ओठांवर त्याचंही नाव आलं.

तिसऱ्या ओळीला जानकीनं डोळे उघडले. डब्यात हे नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे हे कोण गातंय, हेही तिला कळलं असणारच. पण ती वळली नाही. पुतळाबाईनं स्वर लांबवला तसे तिनं ओठ लांबवले. हळदीपर्यंत दोघींनी मांडव तसाच ओढून नेला.

मग हळद लागली, बायका उठल्या, गलका झाला. घरामागे चिंचेखाली पुतळाबाईनं भाविकाला दंडाला धरून उभं केलं.

"सरांना खोटं सांगितलंस?"

"होय."

"मना का न्हाय इचारलंस?"

"तू न्हाय म्हणाली असतीस!" भाविका रडत होती.

"म्हणलेच असते! हजारदा म्हणले असते! माझा गळा हाय तो, माझ्या बापाच्या घरची घागर न्हाय, कुणी पण उचलून न्यायला!" तिचा आवाज चढला. "मना त्या मास्तरासमोर खोटं बोलायला लागलं तुझ्यापायी. पोरी, मी सगळ्या दुनियेला चोर म्हणत फिरले, तुना कधी म्हणले न्हाय."

पावलं वाजली म्हणून दोघींनी बघितलं. जानकी आली होती. ती पुतळाबाईच्या अगदी समोर उभी राहिली आणि तिनं हनुवटीखालचा पदर सोडला. गळ्याच्या मधोमध एक भोक होतं, त्यावर पांढरं फडकं. श्वासाबरोबर फडकं हलत होतं.

"दिवाळीत ऑपरेशन झालं," भाविका म्हणाली. "आवाजाची पेटीच काढली. गावात फक्त घरच्यांना माहीत हाय; बाकीच्यांना घसा बसून आवाज जाडा झाला, असं सांगितलंय. त्यांचा मुलगा विशाल आमच्या विभागात विचारायला आला व्हता, आई गायची थांबली तर मरेल म्हणून. सरांनी त्यांना सगळे आवाज ऐकवले, आते. कल्याणच्या एका शिकलेल्या गायिकेचा गोड आवाज व्हता, तो द्यायला सगळे तयार व्हते. यांनी हात हलवून न्हाय म्हटलं. शेवटी तुझा लावला. तर स्पीकरच घट्ट धरून बसल्या. वर मला शपथ घातली, पुतळीला कळता कामा नये. तिनं कीव केलेली मला चालायची न्हाय."

पुतळाबाईनं जानकीकडे बघितलं. "माझाच कशाला? कल्याणवालीचा घ्यायचा व्हतास. बरा दिसला असता तुना."

जानकीनं भाविकाच्या हातातून फोन घेतला. एका बोटानं, अक्षर शोधत शोधत ती दाबत राहिली. पुतळाबाई वाट बघत उभी. मग फोन बोलला, पुतळाबाईच्याच घोगऱ्या आवाजात.

"पुतळे, दुसऱ्या कुणाच्या आवाजावर मना ओठ हलवता येत न्हाय."

पुतळाबाई त्या फोनकडे बघतच राहिली. त्यात काही कपट आहे का, हे सवयीनं शोधलं तिनं. सापडलं नाही. तिनं नाक ओढलं आणि भाविकाकडे वळून म्हणाली, "उद्या माझ्यासंगट त्या सरांकडं चल. खरं काय ते तुझ्या तोंडानं सांग. मग होकार द्यायचा का न्हाय, ते मी तिथं बसून ठरवीन. आणि हिला मांडवात मेल्यांना बोलवायचं असेल तर मना हाक मारायची. ते डब्यात भरून मिळणार न्हाय."

भाविकानं मान हलवली. पण जानकी फोन सोडायला तयार नव्हती. ती पुन्हा दाबायला लागली होती. या खेपेला जास्त वेळ लागला, मध्ये एकदा तिनं सगळं पुसून परत सुरुवात केली.

"दिवाळीनंतर विशालचं लगीन हाय," फोन म्हणाला. "त्या मांडवात माझं नाव घेशील ना?"

पुतळाबाईला आधी कळलं नाही. धवलारणीचं नाव कशाला घ्यायचं, ती तर मांडवातच असते. मग कळलं. तिनं भाविकाकडे बघितलं, तर पोरीनं नजर खाली घातली. म्हणजे डॉक्टरांचंही सांगून झालं होतं.

"जल्लं तुझं तोंड!" पुतळाबाई खेकसली. "जिती उभी हायस समोर आणि नाव घे म्हणतेस? पयले त्याच्या मांडवात माझ्या बाजूला येऊन बस. मग बघू नावाचं."

जानकी हसली. आवाज आला नाही, फडकं तेवढं हललं. तिनं पुन्हा एक एक अक्षर दाबलं.

"आणि न्हाय बसले तर?"

तिच्याच आवाजातला प्रश्न तिच्याच समोर उभा होता. पुतळाबाईनं जानकीच्या हातातून फोन काढून घेतला, भाविकाला दिला, आणि जानकीचा सुटलेला पदर स्वतःच्या हातानं तिच्या गळ्याभोवती नीट लपेटला.

"तर पयलं तुना बोलवीन," ती म्हणाली. "देवांच्या आधी."